अंजनवेलची खाडी आणि माणसांचा व्यापार

वाशिष्ठी नदी सह्याद्रीवरून उतरून, चिपळूणजवळून वळणें घेत घेत जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या दक्षिण तीरावर अंजनवेल व उत्तर तीरावर दाभोळ हे दोन गांव समोरासमोर वसलेले आहेत. अंजनवेलच्या टेकडीवर गोपाळगडाचा तट अद्याप उभा आहे. त्या तटावरून दृष्टि टाकली म्हणजे खाडीचें मुख, पैलतीरावरील दाभोळ आणि पश्चिमेस क्षितिजापर्यंत पसरलेला समुद्र हीं सारीं एकाच वेळीं दिसतात. खाडींत शिरणाऱ्या प्रत्येक तारवास ह्या टेकडीच्या नजरेखालून जावें लागे. म्हणूनच विजापूरकरांपासून इंग्रजांपर्यंत ज्यांना ज्यांना कोंकणचा व्यापार हवा होता, त्यांनीं त्यांनीं ह्या टेकडीवर आपलें निशाण लावण्याचा यत्न केला.

ह्या किनाऱ्यावर समुद्रमार्गें काय आलें व येथून काय गेलें, ह्याची यादी सर्वांस साधारणपणें परिचित आहे. अरबस्तानांतून घोडे आले, खजूर आला, तांबें व पारा आला. इकडून कापड, धान्य व मिरीं गेलीं. परंतु त्या यादींत आणखी एक जिन्नस होता, आणि त्याचा उल्लेख शाळेच्या पुस्तकांत क्वचितच होतो. तो जिन्नस म्हणजे माणूस. कोंकणच्या बंदरांतून माणसें विकत आलीं, माणसें धरून नेलीं गेलीं, आणि पुढें इंग्रजी अमदानींत माणसें कराराच्या कागदावर अंगठा उठवून परदेशीं रवाना झालीं. ह्या तिन्ही प्रकारांचा एकमेकांशीं काय संबंध होता, हें समजून घेतल्याशिवाय ह्या किनाऱ्याच्या व्यापाराचा हिशेब पुरा होत नाहीं.

हा सारा व्यापार वाऱ्याच्या तंत्रानें चाले. आषाढ-श्रावणांत नैऋत्येचा वारा इतका प्रबळ असे कीं, बंदरें मिटलेलीं असत व गलबतें किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेलीं असत. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण झाला म्हणजे दर्या खुला होई. मार्गशीर्षापासून ईशान्येचा वारा पडे. त्यावर गलबतें अरबस्तानाकडे व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जात. उन्हाळ्यांत वारा फिरला कीं, तींच गलबतें परत येत. वर्षांतून एकदां जाणें व एकदां येणें, असा हा फेरा शेकडों वर्षें अखंड चालला होता. ज्या वाऱ्यानें घोडा आला, त्याच वाऱ्यानें त्या घोड्याची निगा राखणारा हबशी गुलामही आला.

बहामनी राजवटींत दाभोळ हें पश्चिम किनाऱ्यावरील एक प्रमुख बंदर होतें. येथें उतरलेला माल खाडीनें चिपळुणाकडे व तेथून कुंभार्ली घाटानें कऱ्हाडाकडे व देशावर जाई. बहामनी राज्याचा सुप्रसिद्ध वजीर महमूद गवान हा इराणांतून आला तो १४५३ च्या सुमारास ह्याच दाभोळास उतरला. अफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास एक घोडा विकण्यासाठीं चौलास आला व कांहीं वर्षांनीं दाभोळहून परत गेला. त्यानें लिहून ठेवलेल्या वृत्तांतांत दाभोळास मिसर, अरबस्तान व खुरासान येथून घोडे येतात असें म्हटलें आहे. आणि बेदरच्या बाजाराचें वर्णन करतांना घोडे, रेशमी वस्त्रें व इतर माल ह्यांच्याच ओळींत काळीं माणसेंही तेथें विकत मिळतात, अशी नोंद केली आहे. त्या नोंदींत आश्चर्याचा किंवा दुःखाचा सूर नाहीं. बाजारांत जें दिसलें तें व्यापाऱ्यानें टिपून ठेवलें, इतकेंच.

ह्यानंतर पोर्तुगीज आले. १५०८ च्या मार्च महिन्यांत चौलच्या आरमारी लढाईंत व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदा ह्याचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घेण्यास निघालेल्या बापानें त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर दाभोळवर हल्ला केला, शहर जाळलें आणि पुरुष, स्त्रिया, मुलें असा भेद न ठेवतां कत्तल केली. अंजनवेलच्या तीरावरून त्या दिवशीं पैलतीरींच्या ज्वाळा दिसल्या असल्या पाहिजेत. पुढें पोर्तुगीजांनीं समुद्रावर परवान्याची पद्धति चालू केली. ज्या तारवाजवळ त्यांचा 'कार्ताझ' नसेल, तें तारूं माल व माणसें ह्यांसह जप्त होई, आणि त्यावरील खलाशांस कित्येकदां त्यांच्या गलेतांवर वल्हीं मारण्यास जुंपण्यांत येई. म्हणजे कोंकणच्या खलाशास गुलामगिरी ही ऐकीव गोष्ट नव्हती. परवान्याचा एक कागद हातीं नसणें एवढ्यावर ती येऊन ठेपत असे.

गोवें शहरांत तर माणसांचा बाजार उघडपणें भरे. १५८३ ते १५८८ ह्या काळांत गोव्यांत राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन व सतराव्या शतकाच्या आरंभीं तेथें असलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल, ह्या दोघांनींही शहराच्या मुख्य रस्त्यावर होणाऱ्या लिलांवाचें वर्णन केलें आहे. तेथें मोझांबिकहून आणलेले हबशी जसे विकले जात, तशींच आशियाच्या निरनिराळ्या मुलुखांतून आणलेलीं माणसेंही विकलीं जात. श्रीमंत फिरंग्याची प्रतिष्ठा त्याच्या पालखीमागून किती गुलाम चालतात ह्यावर मोजली जाई. अडकित्ता किंवा समई ज्या नजरेनें पारखून घ्यावी, त्याच नजरेनें तेथें मुलामुलींचे दांत व दंड पाहिले जात.

परंतु ह्या व्यापाराचें सारें खापर एकट्या फिरंग्यांच्या माथीं फोडणें इतिहासास धरून होणार नाहीं. त्यांच्या आधीं अरब व्यापाऱ्यांचा गुलामांचा व्यापार चालूच होता, आणि दक्षिणेंतील सुलतान हे त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. ह्या व्यापारानें दख्खनच्या इतिहासास दिलेला सर्वांत विलक्षण पुरुष म्हणजे मलिक अंबर. १५४८ च्या सुमारास हबसाणांत जन्मलेला हा मुलगा लहानपणींच विकला गेला. तांबड्या समुद्राच्या व बगदादच्या बाजारांतून हात बदलत बदलत तो दक्षिणेंत आला. त्याला ज्यानें विकत घेतलें, तो निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतःही पूर्वीं गुलामच होता. धनी वारल्यावर मोकळा झालेला हा हबशी शिपाई वाढत वाढत १६०० नंतर निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. त्यानें मोंगलांस वर्षानुवर्षें दाद दिली नाहीं, जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसविली, खडकी हें नगर वसविलें, आणि १६२६ सालीं तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

मलिक अंबराची कथा ऐकून कित्येकांस असें वाटतें कीं, आपल्याकडील गुलामगिरी सौम्य होती. गुलामास येथें वजीर होतां येई. ह्या म्हणण्यांत अर्धें सत्य आहे. अमेरिकेंतील ऊंसाच्या व कापसाच्या मळ्यांवर जी गुलामगिरी होती, तींत गुलामाच्या मुलाबाळांनाही वर येण्यास वाट नव्हती. दख्खनच्या दरबारांत गुलामाच्या हातीं तलवार दिली जाई, आणि तलवार हातीं असलेल्या माणसास आपलें नशीब अजमावतां येई. पण चंगीझखानापाशीं असे सुमारें एक हजार हबशी होते. त्यांतून एक मलिक अंबर निघाला. बाकीच्यांचीं नांवेंसुद्धां कोणास ठाऊक नाहींत. एकाच्या भाग्यावरून हजारांच्या स्थितीचा निवाडा करणें हें लढाईंतून परत आलेल्यांनाच विचारून लढाईचें नुकसान ठरविण्यासारखें आहे. शिवाय स्त्रियांच्या हातीं तलवार कधींच दिली जात नव्हती.

ह्याच हबशांच्या परंपरेंतून जंजिऱ्याचे शिद्दी पुढें आले. निजामशाही, विजापूर व मोंगल अशा तीन सत्तांच्या सेवेंतून जात त्यांनीं समुद्रांतील एका खडकावर आपलें राज्य उभें केलें, आणि तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत टिकलें. अंजनवेलचा किल्ला विजापूरकरांच्या काळांत बांधला गेला. १६६० च्या सुमारास तो शिवाजी महाराजांनीं घेऊन बळकट केला, आणि १६९९ सालीं तो शिद्द्यांच्या हातीं गेला. त्यानंतर सुमारें पंचेचाळीस वर्षें ह्या खाडीवर त्यांचा अंमल होता. येथील ठाणेदार शिद्दी सात ह्यानें १७२७ सालीं चिपळूणजवळील परशुरामाच्या देवस्थानावर हल्ला केला, त्यामुळें ब्रह्मेंद्रस्वामींचा कोप झाला, आणि १७३६ सालीं चिमाजी आप्पांनीं त्यास रेवसजवळच्या लढाईंत मारलें, हा भाग मराठी वाचकांस ठाऊक आहे. १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यानें किल्ला जिंकून त्यास गोपाळगड हें नांव दिलें. आंग्र्यांकडून तो १७५६ च्या सुमारास पेशव्यांकडे व १८१८ सालीं इंग्रजांकडे आला.

ह्या साऱ्या घडामोडींत एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत येते. ज्यांच्या पूर्वजांना साखळदंड घालून हा समुद्र ओलांडावा लागला होता, तेच पुढें ह्या समुद्राचे पहारेकरी झाले आणि किनाऱ्यावरील गांव लुटून माणसें धरून नेऊं लागले. गुलामगिरी भोगलेल्या कुळास गुलामगिरीचा तिटकारा वाटेलच, असा नियम इतिहासांत दिसत नाहीं. जो वर चढला, त्यानें बहुधा शिडी जागच्या जागीं राहूं दिली.

आतां ह्या व्यापाराचा पश्चिमेकडील मोठ्या व्यापाराशीं धागा कसा जुळला, तें पाहण्यासारखें आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर युरोपियन व्यापारी गुलाम विकत घेत, ते कांहीं केवळ सोन्यानाण्यावर घेत नसत. तेथील राजांस व दलालांस हिंदुस्थानचें सुती कापड हवें असे. गुजराथ व मद्रासकडील किनाऱ्यावर विणलेलें निळें व पट्ट्यापट्ट्यांचें कापड लंडन, ॲम्स्टरडॅम किंवा नांत येथें जाई, तेथून आफ्रिकेस जाई, आणि त्याच्या मोबदल्यांत माणसें जहाजांत भरलीं जात. कापडाप्रमाणेंच कवडीचें. मालदीव बेटांच्या समुद्रांत निघणारी कवडी बंगाल व सिंहलद्वीप ह्या मार्गांनीं युरोपांत जाऊन पश्चिम आफ्रिकेंत चलन म्हणून वापरली जाई. 'कवडीमोल' हा शब्द मराठींत आपण सहज उच्चारतों. पण त्या किनाऱ्यावर खरोखरच माणसाची किंमत कवड्यांच्या राशींत मोजली जात होती. पूर्वेकडे मोझांबिक बंदरांतही दीवच्या व्यापाऱ्यांनीं नेलेल्या कापडावर हस्तिदंत व गुलाम ह्यांची खरेदी चाले. मागावर बसलेल्या विणकरास आपल्या कापडाचें पुढें काय होतें, ह्याची कल्पना असणें शक्य नव्हतें. अशा रीतीनें ज्यांनीं कधीं गुलाम डोळ्यांनीं पाहिला नाहीं, त्यांचे श्रमही त्या व्यापाराच्या पोटांत गेले. ईस्ट इंडिया कंपनीनेंही आरंभींच्या काळांत मादागास्करहून गुलाम विकत आणून मुंबई व सुमात्रा येथील आपल्या वसाहतींत राबविले होते.

मराठी सत्तेची ह्या बाबतींतील भूमिका दुहेरी होती, आणि तिच्या दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. शिवाजी महाराजांनीं मुलुखगिरींत स्त्रिया व मुलें ह्यांस धरूं नये व लष्करांत बटकी ठेवूं नयेत असा दंडक घातला होता, हें सभासदानें आपल्या बखरींत नमूद केलें आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट १६७७ सालची आहे. कर्नाटकच्या स्वारींत महाराज जिंजीच्या प्रांतांत असतां डच कंपनीनें आपल्या जुन्या सवलती कायम करून मागितल्या. महाराजांनीं दिलेल्या कौलांत व्यापाराच्या इतर सवलती मान्य केल्या, परंतु पूर्वींच्या राजवटींत तुम्हांस येथून स्त्रीपुरुष गुलाम विकत घेऊन नेतां येत होते, तें आमच्या अमलांत चालणार नाहीं, अशी स्पष्ट अट घातली. जकातीचें उत्पन्न बुडेल किंवा डच रुसतील, ह्या विचारानें ती अट सैल झाली नाहीं. इंग्लंडच्या पार्लमेंटानें गुलामांचा व्यापार बंद केला तो १८०७ सालीं, म्हणजे ह्या कौलानंतर एकशें तीस वर्षांनीं.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू पेशवे-दप्तरांतील कागदांत आहे. अठराव्या शतकांत मराठी राज्यांत कुणबिणींची मोठी संख्या होती. येथें कुणबीण म्हणजे शेतकऱ्याची बायको नव्हे. विकत घेतलेली, बक्षीस मिळालेली, दुष्काळांत आईबापांनीं विकलेली, किंवा व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा झालेली दासी. किल्ल्यांवर, कोठींत, पागेंत व बांधकामावर सरकारी कुणबिणी दळण, कांडण, शेणगोठा व वाहतूक करीत. खाजगी वाड्यांतही त्या असत. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या आंदण दिल्या जात, पळून गेल्यास धुंडाळून आणल्या जात, आणि त्यांचीं मुलें धन्याचींच समजलीं जात. वृद्धापकाळीं किंवा धन्याच्या पुण्यकृत्याच्या निमित्तानें एखादीस मोकळें करीत. ह्या नोंदी वाचतांना मन खिन्न होतें, कारण त्या हिशेबाच्या भाषेंत आहेत. इतके बैल, इतकीं भांडीं, इतक्या कुणबिणी, असा तो हिशेब आहे. निकितिनच्या नोंदींत जी निर्विकारता दिसली, तीच येथें मोडी अक्षरांत दिसते.

एकोणिसाव्या शतकांत ही स्थिति हळूहळू पालटूं लागली. इंग्लंडानें १८०७ सालीं गुलामांचा व्यापार व १८३३ च्या कायद्यानें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद केली. मात्र ह्या दुसऱ्या कायद्यांतून कंपनी सरकारचा हिंदुस्थान वगळण्यांत आला होता. हिंदुस्थानांत १८४३ च्या पांचव्या ॲक्टानें गुलामावरील मालकीहक्क कोणत्याही कोर्टानें मानूं नये असें ठरलें, आणि १८६० च्या पीनल कोडानें गुलामाची खरेदी-विक्री हा गुन्हा झाला. मोठा गाजावाजा न होतां कुणबिणीचें नांव जिनसांच्या यादींतून कायद्यानें काढलें गेलें.

ह्याच सुमारास अरबी गलबतांतून आफ्रिकेचे गुलाम चोरून नेले जात असतां इंग्रजांच्या आरमारानें तीं गलबतें पकडण्यास सुरुवात केली. सुटका झालेल्या मुलांना स्वदेशीं परत नेण्याची सोय नसे. म्हणून तीं मुंबईस उतरविलीं जात. त्यांपैकीं कित्येकांस नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमांत ठेवून त्यांना अक्षरओळख व सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकविले जात. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या आफ्रिका-प्रवासास निघाला, तेव्हां त्याच्या मंडळींत नाशिकचीं हीं मुलें होतीं. १८७३ च्या मे महिन्यांत तो आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारला, त्या वेळीं मागाहून तेथें पोंचलेल्या तुकडींत जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी होता. लिव्हिंग्स्टनचा देह सेवकांनीं शेंकडों मैल वाहून समुद्रकिनाऱ्यास आणला, आणि १८७४ च्या एप्रिलांत वेस्टमिन्स्टर ॲबीमधील अंत्यविधींत शवपेटीजवळ चालणाऱ्यांमध्यें हा जेकब वेनराइट होता. पुढें नाशिकचीं कांहीं आफ्रिकन कुटुंबें मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ह्या नव्या वसाहतींत जाऊन राहिलीं. १८७३ हें सालच ह्या इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या सालच्या जून महिन्यांत झांझिबारच्या सुलतानानें करार करून आपला गुलामांचा बाजार बंद केला. आणि त्याच सालीं पुण्यांत जोतीराव फुले ह्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ निघाला. निग्रो गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस तो त्यांनीं अर्पण केला होता. दूरच्या समुद्रापलीकडील साखळदंड आणि आपल्या गांवांतील जातीचें जोखड ह्यांत जोतीरावांस नातें दिसलें. त्या काळीं तें फार थोड्यांना दिसलें होतें.

गुलामगिरी बंद झाली, परंतु ऊंसाचे मळे बंद झाले नव्हते. मॉरिशस बेटावर फ्रेंचांच्या काळांत मादागास्कर, मोझांबिक व हिंदुस्थान येथूनही नेलेले गुलाम राबत असत. १८१० सालीं तें बेट इंग्रजांकडे आलें आणि १८३५ सालीं तेथील गुलामगिरी संपली. ब्रिटिश वसाहतींतील मळेवाल्यांस व इतर धन्यांस मिळून पार्लमेंटानें दोन कोटि पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांस कांहींच मिळालें नाहीं. मळ्यांना मजूर हवे होते, ते हिंदुस्थानांतून करारानें नेण्याची पद्धति १८३४ पासून चालू झाली. ह्या कराराला आपल्या लोकांनीं 'गिरमिट' म्हटलें. कलकत्ता व मद्रास ह्यांबरोबर मुंबईच्या बंदरांतूनही मजूर गेले, आणि मुंबईहून गेलेल्यांत कोंकणचे, विशेषतः रत्नागिरीकडचे, लोक पुष्कळ होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एकट्या मॉरिशसला सुमारें साडेचार लाख हिंदी मजूर पोंचले.

गिरमिट आणि गुलामगिरी ह्यांत कायद्यानें फरक होता, आणि तो नाकारणें योग्य नाहीं. गिरमिट्याला विकतां येत नसे. त्याच्या कराराला पांच वर्षांची किंवा तशीच कांहीं मुदत असे. त्याला पगार ठरलेला असे. मॉरिशसला आरंभीं तो महिना पांच रुपये होता. परंतु मळ्यावर गेल्यावर ह्या फरकाचें काय होई, तें पाहिलें पाहिजे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. काम सोडणें हा दिवाणी कज्जा न राहतां फौजदारी गुन्हा ठरे व त्यासाठीं तुरुंग मिळे. करार संपल्यावर मोकळ्या झालेल्या माणसासही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास पोलीस त्यास भटक्या म्हणून पकडीत. १८५० नंतर परतीचें भाडें देण्याची अटही काढून टाकण्यांत आली, त्यामुळें पुष्कळांना गांव पुन्हा दिसला नाहीं. पोर्तुगीजांच्या कार्ताझाप्रमाणें येथेंही माणसाचें स्वातंत्र्य एका कागदावर येऊन ठेपलें होतें. पहिला कागद नसला तर तारूं जाई, दुसरा नसला तर माणूस जाई.

तरीसुद्धां ह्या लोकांनीं तेथें घरें उभीं केलीं. मॉरिशसच्या मराठी वस्तींत गणपति बसूं लागला. त्यापुढें नाचली जाणारी 'झाकरी' आजही तेथें टिकून आहे. गुहागर-चिपळूणच्या गांवोगांवीं गणपतींत पायांत घुंगरूं बांधून जी जाखडी नाचतात, तिचेंच हें समुद्रापलीकडील रूप होय. करारपत्रावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा राहिला, पण त्यांच्या गांवाची खूण ह्या नाचानें राखली.

ह्या पद्धतीचा शेवट होण्यास ज्यांचा मोठा हातभार लागला, ते गोपाळ कृष्ण गोखले ह्याच भागांत जन्मले. अंजनवेल ज्या गुहागर तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील कोतळूक गांवीं ९ मे १८६६ रोजीं त्यांचा जन्म झाला. १९१० च्या फेब्रुवारींत त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत नाताळला गिरमिटिये पाठविणें बंद करण्याचा ठराव आणला. तो सरकारनें मान्य केला आणि १९११ सालीं नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं दुसरा ठराव मांडला. त्यांत गिरमिटाची पद्धतच सर्वत्र बंद करावी अशी मागणी होती. अडाणी माणसास कराराच्या फौजदारी अटी कोणी समजावून सांगत नाहीं, जें पाप एका बाजूस फसवणुकीनें सुरू होतें तें दुसऱ्या बाजूस जबरीनें चालविलें जातें, आणि ह्यामुळें साऱ्या राष्ट्राची मान खालीं जाते, अशा आशयाचें तें भाषण होतें. गोखल्यांची रीत आरडाओरड करण्याची नव्हती. त्यांनीं सरकारचेच अहवाल उघडले, शिक्षांचे व आत्महत्यांचे आंकडे एकामागून एक पुढें ठेवले. बेदरच्या बाजारांत व पेशव्यांच्या कोठींत माणसाचा हिशेब जिन्नस म्हणून लिहिला गेला होता. येथें प्रथमच तो हिशेब माणसाच्या बाजूनें मांडला गेला.

सरकारी मतांच्या बळावर तो ठराव नापास झाला. गोखले १९१५ च्या फेब्रुवारींत निवर्तले, आणि ठरावाचें फळ त्यांस पाहावयास मिळालें नाहीं. परंतु १९१६ सालीं पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनीं तीच मागणी पुन्हा मांडली, तेव्हां सरकारनें ती तत्त्वतः मान्य केली. १९१७ सालीं मजुरांची रवानगी थांबली, आणि १९२० च्या आरंभीं फिजींतील उरलेलीं गिरमिटेंही रद्द झालीं.

आज गोपाळगडाच्या तटाखालून घोड्यांचीं गलबतें जात नाहींत. अंजनवेलच्या किनाऱ्यास द्रवरूप वायु आणणारीं प्रचंड जहाजें लागतात, आणि धोपावें-दाभोळ ह्यांमधील फेरीबोट मोटारी घेऊन खाडी ओलांडते. त्या दोन्ही तीरांवरील गांवांतून तरुण माणसें आजही आखाताच्या त्याच किनाऱ्याकडे पोटासाठीं जातात. फक्त वाऱ्याची वाट न पाहतां विमानानें जातात. त्यांतील बहुतेक पैसा मिळवून, घर बांधून सुखरूप परत येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कित्येक ठिकाणीं मजुराचा पासपोर्ट धन्यानें आपल्या कपाटांत ठेवून द्यावयाचा आणि धन्याच्या संमतीशिवाय त्यास नोकरी किंवा देश सोडतां येऊं नये, अशी वहिवाट दीर्घकाळ चालत आली. अलीकडे कांहीं देशांनीं ती कायद्यानें मोडण्यास आरंभ केला आहे. कार्ताझ, गिरमिट आणि कपाटांतला पासपोर्ट ह्या एकच गोष्टी नव्हेत. त्यांच्या जाचांत महदंतर आहे. पण तिहींतही माणसाची वाट दुसऱ्याच्या हातांतील कागदावर अवलंबून असते.

म्हणून परदेशीं निघालेल्या मुलाची ट्रंक भरतांना घरच्या वडील माणसांनीं लाडूंच्या डब्याबरोबर त्याचें करारपत्रही एकदां वाचून पाहावें, कळत नसल्यास जाणत्याकडून वाचवून घ्यावें, आणि त्याची एक प्रत घरांत ठेवावी. कोतळूकच्या गोखल्यांनीं कायदेमंडळांत जें काम केलें, त्याचा घरच्या घरीं करण्याजोगा भाग एवढाच आहे. पण तो केला गेला असता, तर मॉरिशसच्या मळ्यांवर गेलेल्या पुष्कळांची वाट कदाचित् निराळी झाली असती.